चौदावी ओळ

मेडिकल कॉलेजात लायब्ररीवाल्या बाईला कोण विचारतो? पुस्तक द्या, शिक्का मारा, 'नो ड्यूज'च्या कागदावर सही करा आणि वाटेतून बाजूला व्हा. क्रांतीची एकवीस वर्षं अशीच गेली होती. पण एमडी करायला आलेल्या नव्या डॉक्टरांना दरवर्षी दोन तास तिच्या हवाली केलं जायचं, आणि त्या दोन तासांत ती त्यांची अशी बिनपाण्यानं करायची की पुढची तीन वर्षं ती पोरं तिला जिन्यात दिसली तरी नमस्कार करायची.

तासाचा विषय ठरलेला: शोध घेताना होणाऱ्या चुका. एखाद्या आजाराच्या एका नेमक्या प्रश्नावर जगभरात झालेला सगळा अभ्यास गोळा करायचा, चाळायचा आणि सगळे मिळून काय म्हणतात ते सांगायचं, याला ही मंडळी सिस्टिमॅटिक रिव्ह्यू म्हणतात. आता लाखो निबंधांच्या डेटाबेसमधून नेमके हवे तेच बाहेर काढायचे तर त्याला ओळीओळीनं हुकूम लिहून द्यावा लागतो. तो हुकूम लिहिण्यात क्रांतीचा हात धरणारं कुणी नाही, असं सगळे म्हणायचे. तीही मनातल्या मनात म्हणायचीच.

त्या गुरुवारी मात्र तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. त्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर, कॉलेजच्याच दवाखान्यात, तिची थोरली बहीण तीन आठवडे पडून होती. आक्काच्या मणक्यात पू झाला होता, ऑपरेशन झालं होतं, आणि कमरेखाली पायांत जोर आलेला नव्हता. येईल का, यावर डॉक्टर 'बघू' म्हणायचे. डॉक्टरांचं 'बघू' म्हणजे काय, ते एकवीस वर्षं दवाखान्यात काढलेल्या बाईला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आक्काला झाला होता ब्रुसेला. जनावरांकडून माणसाला होणारा आजार. म्हैस गाभडली किंवा व्याली की मागून पडणारी वार काढताना हाताला लागतो, कच्च्या दुधातून येतो, आणि मग ताप येतो नि जातो, येतो नि जातो. आक्काचा ताप दीड वर्ष असाच ये-जा करत होता. हुपरीजवळच्या तिच्या गावातल्या डॉक्टरनं आधी टायफॉइड म्हटलं, मग पाळी जायचं वय म्हटलं, मग कंबरेला पट्टा दिला. शेवटी एका सकाळी ती धारेला बसली ती उठलीच नाही. निदान झाल्यावर घरातल्या सगळ्यांचं रक्त क्रांतीनंच आग्रह धरून तपासून घेतलं. सुनेचंही निघालं. तिला वेळेवर गोळ्या सुरू झाल्या.

पण आक्काचा एकच प्रश्न होता, आणि तो ती रोज विचारायची. दोन वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याला, पिराजीदाजींना, हाच ताप आला होता. दूध संस्थेच्या आरोग्य योजनेतून त्यांचं रक्त तपासलं, सहा आठवडे गोळ्या झाल्या, दाजी खडखडीत बरे झाले.

"मग तवाच माझं का न्हाय गं बगितलं?" आक्का विचारायची. "म्हशीखाली मी बसतीया. वार मी काढतीया. हेनी नुसतं कॅन घिऊन डेअरीला जात्यात. मला का न्हाय इचारलं कुणी? तू मोठ्या डॉक्टरांत असतीस की. इचार बगू."

"इचारते आक्का," क्रांती म्हणायची. आज सकाळीही पेज भरवून, वेणी घालून खाली येताना ती तेच म्हणाली होती.

तास सुरू झाला. बोलायला लागल्यावर तिला जरा बरं वाटलं.

"पहिली चूक," ती म्हणाली, "एका डेटाबेसवर भागवणं. मंगळवार पेठेतल्या एका दुकानात वस्तू मिळाली नाही, तर अख्ख्या कोल्हापुरात ती नाही म्हणून घरी सांगता का? मग निबंधांच्या बाबतीत कसं सांगता? दुसरी, आपल्यालाच ठाऊक असलेले शब्द टाकणं. तिसरी, ओळींचे आकडे. मध्ये एक ओळ घुसडली की खालचे आकडे सरकतात, आणि तुम्ही सातव्या ओळीला जोडायचं ते सहाव्याला जोडून चहाला जाता."

पोरं हसली. तिला रंग चढला.

"आणि लक्षात ठेवा, इथली चूक डोळ्यांना दिसत नाही. कपाटातलं पुस्तक चोरीला गेलं तर तिथं फट दिसते. शोधात जे आलंच नाही, त्याची फट कुठं दिसणार? तुम्ही आपले खुशाल लिहिता, पुरावा नाही."

मग नेहमीप्रमाणे तिनं पडद्यावर स्वतःचा नमुना दाखवला. चौदा ओळींचा शोध, तीन वर्षांपूर्वीचा. खाली छापील रिव्ह्यूचं पहिलं पान, लेखकांत तिसरं नाव तिचं. लायब्ररीवालीचं नाव लेखकांत येणं ही काही रोजची गोष्ट नव्हे. ते पान हातात पडलं तेव्हा ती सरळ आक्काच्या गावी गेली होती, आणि इंग्रजी धड न वाचता येणाऱ्या आक्कानं ते गल्लीभर दाखवून पेढे वाटले होते.

"असा असतो शोध," क्रांती म्हणाली.

मागच्या बाकावरून हात वर झाला. मेहक, इचलकरंजीची. वडील कारखान्यात माग दुरुस्त करणारे जॉबर. वर्गात तोंड फारसं उघडायची नाही.

"मॅडम, ती चौदावी ओळ. नॉट अ‍ॅनिमल्स. म्हणजे प्राण्यांचे निबंध वगळा ना?"

"हो. नाहीतर गुरांच्या डॉक्टरांचे हजारो निबंध येतात."

"पण ज्या अभ्यासात माणसं आणि जनावरं दोन्ही आहेत, ते पण जाणार की मग."

क्रांतीनं वळून पडद्यावरची चौदावी ओळ पुन्हा वाचली.

"बघते मी," ती म्हणाली. तास तिनं वीस मिनिटं आधी सोडला.

प्रश्न अवघड नव्हताच, हेच तर दुखणं होतं. डेटाबेसमध्ये प्रत्येक निबंधाला चिठ्ठ्या लावलेल्या असतात. माणसांवरचा अभ्यास असेल तर 'माणूस', जनावरांवरचा असेल तर 'प्राणी', आणि दोघांवरचा असेल तर दोन्ही चिठ्ठ्या. ज्याला नुसती 'प्राणी' चिठ्ठी आहे तेवढंच वगळ, असं लिहायला हवं होतं. तिनं लिहिलं होतं, 'प्राणी' दिसला की वगळ. माणूस सोबत असला तरी वगळ.

आणि रिव्ह्यूचा प्रश्न कोणता होता? घरात एकाला ब्रुसेला निघाला, तर बाकीच्यांचं रक्त तपासावं का?

तिला तो दिवस चांगला आठवत होता. प्रियदर्शनी नावाची मुलगी तेव्हा एमडी करत होती. पहिल्या फेरीत साडेसात हजार निबंध आले. म्हशी, शेळ्या, मेंढ्या, उंटसुद्धा. सगळे कधी वाचू म्हणून पोरगी रडकुंडीला आली. तिचे गाइड अमरसिंह सर म्हणाले, "मॅडम, जरा आटोपशीर करा की." क्रांतीनं एक ओळ वाढवली आणि आकडा सहाशे अकरावर आला. सर खूश, पोरगी खूश. क्रांतीची छाती तर अशी फुगली की त्या ओळीकडं पुन्हा बघावं असं तिला वाटलंच नाही.

सहाशे अकरातून कामाचे निघाले चार. चारांतून निष्कर्ष निघाला की घरातल्या सगळ्यांना तपासण्याला पुरेसा पुरावा नाही. तो कागद दूध संस्थेच्या आरोग्य योजनेच्या बैठकीत फिरला, आणि घरटी तपासणी बंद झाली. तेव्हापासून तपासायचं ते फक्त संस्थेच्या सभासदाला, तेही त्यानं तक्रार केली तर. आता सभासद कोण असतो, हे या जिल्ह्यात कुणालाही विचारा. म्हशीला वैरण घालते बाई, धार काढते बाई, शेण काढते बाई, आणि वहीवर नाव बाप्याचं. दाजींना ताप आला तो तपासणी बंद झाल्यावर चार महिन्यांनी. आक्काच्या प्रश्नाचं एवढं उत्तर क्रांतीला आधीपासून ठाऊक होतं, पण पुरावाच नाही तर दोष कुणाचा, असं म्हणून ती 'इचारते'वर भागवत आली होती.

दोन दिवस क्रांती स्वतःला काहीबाही सांगत राहिली. की एका ओळीनं एवढं काय होतंय. की सगळं तपासायला सर होते, परीक्षक होते. तिसऱ्या दिवशी तिनं ओळ दुरुस्त केली आणि बटण दाबलं. सहाशे अकराचे अठराशे सत्तर झाले. जास्तीचे सगळे चाळायला नऊ दिवस लागले. मेहक रोज दुपारी येऊन शेजारच्या खुर्चीवर बसायची. वाटून घेतलेले निबंध वाचायची. कामाचे निबंध निघाले सव्वीस.

निघणारच होते. शहाणा माणूस हा आजार शोधायला गोठ्यात गेला तर करणार काय? म्हशीचं रक्त घेईल आणि तिच्याखाली बसणाऱ्या बाईचंही घेईल. म्हणजे या प्रश्नावर ज्यांनी म्हणून नीट काम केलं होतं, त्या सगळ्यांना दोन्ही चिठ्ठ्या लागलेल्या, आणि क्रांतीनं नेमके तेच उचलून बाहेर टाकलेले. सव्वीसातल्या बावीसांचं म्हणणं एक होतं. एका घरात एक निघाला की आणखी निघतात, म्हणून वाट न बघता सगळ्यांना तपासा. एका निबंधात तर घरांतल्या बायकांचा वेगळा तक्ताच होता. वार कोण काढतं, धार कोण काढतं, ताप किती महिन्यांचा, पाठ कधीपासून दुखते. तो तक्ता वाचताना क्रांतीला भडभडून आलं. ती उठून पुस्तकांच्या रांगांमागं गेली आणि पदर तोंडात धरून रडली.

अमरसिंह सर आता व्हाइस प्रिन्सिपॉल झाले होते. माणूस वाईट नव्हता. आक्काला बेड मिळवून देण्यात त्यांचाच हात होता. क्रांतीनं कागद पुढं ठेवले. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचले, आणि मग दार लागलं आहे का ते पाहिलं.

"हे अजून कुणी बघितलंय?"

"मी आणि मेहकनं."

"मॅडम, प्रियदर्शनी आज पुण्यात चांगल्या जागेवर आहे. तिचा थिसिस आहे तो. कॉलेजच्या इन्स्पेक्शनला आपण तो रिव्ह्यू दाखवलाय." त्यांनी चष्मा काढला. "आणि एक सांगतो. घरटी तपासणी आपण बंद केलेली नाही. आपण फक्त पुरावा नाही म्हणालो."

"पुरावा होता, सर. मी तो आत येऊ दिला नाही."

"ओळ तुमची होती, हे तर खरंच आहे," सर म्हणाले. आवाज अगदी मऊ होता. ओरडले असते तर तिला सोसलं असतं. "तुम्हाला पत्र पाठवायचं असेल तर तुमच्या नावानं पाठवा. मी अडवणार नाही. फक्त माझं नाव त्यात नको."

अशा रीतीनं सरांनी काखा वर केल्या. क्रांतीनं त्याच दुपारी रिव्ह्यू छापणाऱ्या नियतकालिकाला पत्र पाठवलं. चूक कोणती, कुणाची, तिच्यामुळं काय सुटलं, निष्कर्ष कसा उलटतो, सगळं लिहिलं. तिकडून दोन ओळींचं उत्तर आलं. पत्र मिळालं, छाननीला काही महिने लागतील, धन्यवाद. मग तिनं योजनेच्या ऑफिसात फोन लावला.

"मॅडम, तुमीच आधी न्हाय म्हणालासा, आता तुमीच हाय म्हणताय," तिकडचा माणूस म्हणाला. "छापून येऊ दे की. मग ठेवतो बैठकीत."

तेव्हा एका कागदावर त्यांनी सगळं बंद केलं होतं. सुरू करायला मात्र छापून यायला हवं होतं. क्रांतीला राग आला, पण कुणावर काढणार? आक्काला तिनं अजून सांगितलं नव्हतं. त्या सगळ्या दिवसांत रोज सकाळी वेणी घालताना आक्का विचारत होती, आणि रोज क्रांती म्हणत होती, इचारते. खरं सांगायचं तर सरांना तोंड देताना, पत्र लिहिताना ती अडखळली नव्हती. आक्कासमोर बसून हे सांगायचं मात्र ती रोज उद्यावर ढकलत होती. क्रांती शाळेत जात होती तेव्हा घरच्या म्हशी आक्का बघत होती. म्हशी बघायला कुणीतरी हवं, म्हणून सातवीत आक्काची शाळा सुटली होती आणि क्रांतीची नाही. आक्का हे कधी बोलून दाखवत नसे. या जगात क्रांतीला शहाणी म्हणणारं मनापासूनचं माणूस एकच होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दाजी खाली जेवायला गेले, तेव्हा ती वर गेली. वॉर्डात जेवणाची ताटं गोळा करणं चाललं होतं. आक्का उताणी पडून छताकडं बघत होती.

"आक्का, तू इचारत हुतीस न्हवं, दाजींच्या येळंला तुला का तपासलं न्हाय म्हणून?"

"व्हय. कोण काय म्हणालं?"

"कुणाला इचारायचं न्हवतंच. ते माझ्यापायी झालं."

आक्कानं मान वळवून तिच्याकडं पाहिलं. क्रांतीनं स्टूल जवळ ओढलं आणि जमेल तसं सांगितलं.

"जगभरातल्या डॉक्टरांनी ह्या तापाबद्दल काय काय लिवलंय, ते हुडकायचं काम माझ्याकडं हुतं. त्यात म्हशीचेच कागद लई यायला लागले. मग मी ठरवलं, ज्यात जनावर हाय ते समदं काढून टाकायचं. ज्या कागदात म्हशीसंगं बायका पण हुत्या, ते बी त्यात गेले. मग डॉक्टर म्हणाले, घरच्या माणसांचं कायबी सापडत न्हाय. म्हणून तुमची तपासणी बंद झाली. तू पेढे वाटलेस न्हवं, त्योच कागद."

पलीकडच्या खाटेवरच्या बाईचा मोबाइल वाजून थांबला.

"म्हंजे आमी म्हशीसंगं हुतो, म्हणून आमास्नी टाकलंस?"

"व्हय."

"आमी म्हशीसंगंच असतोय, त्ये तुला ठावं न्हवतं व्हय?" आक्काचा आवाज चढला नाही. तिला खरोखरच कळत नव्हतं. "दुसऱ्या कुणाला न्हाय कळलं तर चालंल. तू कुठल्या घरात वाढलीस गं?"

सरांनी विचारलं असतं, नियतकालिकानं विचारलं असतं, तर चार वाक्यं तरी जुळवता आली असती.

"कागद हाय का?" थोड्या वेळानं आक्का म्हणाली.

"कसला?"

"कसला बी. लिव्ह. बायडाबाई, आमच्या दारासमोरची. दोन उन्हाळं झालं, कंबर धरूनच चालती. चिमणाबाईची सून, दोनदा पोटातलं गेलं, तिला बी सांजचं हुडहुडी भरती. दर्ग्याजवळची खतिजा, चार म्हशी हायत तिच्या. लिवतीस न्हवं?"

क्रांती केसपेपरच्या पाठीमागं लिहू लागली. आक्का डोळे मिटून गल्लीतली घरं एकेक करत पुढं सरकत होती. कुणाचा घाम, कुणाचे सांधे, कुणी कुठल्या डॉक्टरचा पट्टा लावलेला. डेअरीपर्यंत चौदा नावं झाली. डेअरीच्या पलीकडं आणखी पाच. एकीचं नाव तिनं घेतलं आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे. ती गेली गेल्या दिवाळीत." क्रांतीनं ते नाव खोडलं नाही.

"उद्याच जाते," ती म्हणाली. "मेहकला घिऊन जाते. समद्यांचं रक्त घिऊन येते."

"जा. आनी त्यास्नी बी सांग, जे मला सांगितलंस ते. तुझ्या तोंडानं सांग."

"सांगते."

क्रांतीनं कागदाची घडी घातली आणि वाट बघत बसली. शिव्या येतील, रडणं येईल, निदान 'असू दे' तरी येईल. चूक माणसाच्या हातनंच होते, असं काहीतरी. आक्का असं लगेच म्हणायची. आयुष्यभर म्हणत आली होती.

"आता मला वळीव," आक्का म्हणाली.

क्रांती पटकन उठली. सिस्टरनं शिकवल्याप्रमाणं तिनं अंगाखालची चादर दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि आक्काला आपल्याकडं ओढायला लागली.

"हिकडं नगं. भिंतीकडं वळीव."

तिनं चादर दुसऱ्या बाजूनं धरली. आक्काचं अंग तिच्या आठवणीपेक्षा हलकं होतं. हळूहळू तिनं तिला भिंतीकडं वळवलं, गुडघ्यांमध्ये उशी ठेवली, पाय सरळ केले. आता आक्काच्या पाठीवरची ऑपरेशनची पट्टी क्रांतीच्या समोर होती. दाजी जेवून वर येईपर्यंत ती तिथंच बसून होती.